सांगणारा आणि लिहिणारा

ज्ञानेश्वरीच्या अगदी अखेरीस, शके 1212 हा रचनेचा काळ सांगणाऱ्या ओवीत सच्चिदानंदबाबांचा उल्लेख येतो. ज्ञानदेव सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहीत गेले. गंमत अशी, की त्या ओवीत ‘लेखक’ हा शब्द ज्ञानदेवांना लावलेला नाही. तो सच्चिदानंदबाबांना लावलेला आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेत लेखक कोण, तर दुसऱ्याचे बोलणे आदराने उतरून घेणारा. पुढे केव्हा तरी हा मान पालटला. आज लेखक म्हटले, की एकांतात बसून स्वतःच्या मनातले लिहिणारा एक गंभीर गृहस्थ आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. जो दुसऱ्यासाठी लिहितो, दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहितो, आणि त्यातून त्याबद्दल पैसेही घेतो, त्याला आपण लेखक म्हणत नाही. तो लेखनिक, तो कारकून, आणि फारच झाले तर तो दस्तलेखक!

या पंगतीतून उठवलेल्या माणसाची बाजू आज मांडावी असे माझ्या मनात आहे. यात माझा थोडा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण त्या पंगतीत मीही अर्धामुर्धा बसतो.

मोडनिंब हे माढा तालुक्यातले, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे आमचे गाव. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारा लोहमार्गही गावावरूनच जातो. रस्ता आणि रूळ दोन्ही लाभल्यामुळे इथे येणारे-जाणारे पुष्कळ, आणि माणसे पुष्कळ म्हटल्यावर लिहून घेण्याजोग्या भानगडीही पुष्कळ. वारसनोंदीचा अर्ज, विहिरीच्या पाळीचा समझोता, नुकसानभरपाईचे स्मरणपत्र, खरेदीखत, हक्कसोडपत्र हा झाला एक गट. लग्नाची मंगलाष्टके, सेवानिवृत्तीचे मानपत्र, पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका आणि वर्षश्राद्धाला वर्तमानपत्रात द्यायचा चार ओळींचा मजकूर हा दुसरा. पहिला गट दस्तलेखकाच्या दारात जातो. दुसरा गट मराठीच्या प्राध्यापकाच्या, म्हणजे माझ्या दारात येतो. सुरुवातीला मी ‘मंगलाष्टके करणे हे माझे काम नव्हे’ असे सांगून पाहिले. त्यावर एका वधुपित्याने निर्मळ मनाने विचारले, “मग सर, कॉलेजात तुम्ही शिकवता तरी काय?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून मी मंगलाष्टके करतो.

मंगलाष्टकाचे वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीत अक्षरे एकोणीस. या एकोणीस अक्षरांत काय काय बसवायचे असते, ते ऐकाल तर थक्क व्हाल. दोन्ही कुळांची नावे, आजोबा-पणजोबा, वराची पदवी, वधूची पदवी, वराच्या कंपनीचे नाव, ती पुण्यात कुठे आहे तो भाग, आणि जमल्यास काकांची ग्रामपंचायतीची सदस्यकी. वधुपिता कागदावर सगळे मुद्दे क्रमांक घालून आणतो. मी ते उतरून घेतो, चहा होतो, व्यवहाराचे बोलणे संपते. मग तो उठतो. खरी मजा इथून पुढे सुरू होते.

एकदा अशीच एक आई वडिलांबरोबर आली होती. तासभर ती एक शब्द बोलली नाही. दारात चपला घालताना मात्र तिने वळून म्हटले, “सर, एक सांगू का? पोरगी एवढी शिकली, पण विजा कडाडल्या की अजून माझ्या अंथरुणात येते. आता तिकडं…” आणि वाक्य तिथेच सोडून ती पायऱ्या उतरली. क्रमांक घातलेल्या अकरा मुद्द्यांतून मला काही सुचले नव्हते. या अर्ध्या वाक्यातून चौथे अष्टक जागच्या जागी झाले. आकाशात मेघ दाटले तर सासूबाईंनी पोरीला जवळ घ्यावे, एवढाच त्याचा मतलब. मांडवात पाचशे माणसे होती. त्यांतल्या चारशे अठ्ठ्याण्णव माणसांना ते पावसाचे साधे वर्णन वाटले असेल. दोघींना ते समजले. एक अंतरपाटाच्या अलीकडे उभी होती, एक मागे पदराने डोळे पुसत होती.

तेव्हापासून मी एक नेम केला आहे. गिऱ्हाईक जे सांगायला आलेले असते ते टिपून घ्यायचे, पण चपला घालताना ते जे बोलते त्याची वाट पाहायची. माणूस मुद्दे घरून ठरवून आणतो; ते त्याने चारचौघांत बोलायचे म्हणून निवडलेले असतात. काम संपले, वही मिटली, की त्याचा पहारा सुटतो आणि पोटातले ओठांवर येते. लिहिणाऱ्याने वही मिटली तरी कान मिटू नयेत, ते यासाठी.

असेच एक अमृतमहोत्सवी मानपत्र माझ्याकडे आले. सत्कारमूर्ती रेल्वेतून निवृत्त झालेले एक कीमॅन. आमच्या गावावरून जाणारी लाइन मूळची बार्शी लाइट रेल्वेची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअराने ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी 1897 साली बार्शीपर्यंत आणली आणि 1906 साली ती पंढरपूरला पोहोचली. वारकऱ्यांचे केवढे तरी पायपिटीचे श्रम तिने वाचवले. 1954 साली ती सरकारजमा झाली आणि या शतकाच्या आरंभी तिचे अरुंद रूळ जाऊन रुंद आले. ही माहिती मला होतीच. मुलांनी आणखी दोन पाने दिली होती: ‘प्रामाणिक’, ‘कर्तव्यदक्ष’, ‘मनमिळाऊ’. मी म्हातारबुवांना भेटायला गेलो. त्यांनी ती पाने वाचून घेतली आणि हसून म्हणाले, “ह्ये समद्यांच्याच मानपत्रात असतं की वं सर.”

मी विचारले, “मग तुमच्यात वेगळं काय लिहू?”

ते म्हणाले, “माझं नका लिहू, लायनीचं लिव्हा. रोज सकाळी रुळावरनं चालत जायचं. हातुडी मारायची आन् आवाज ऐकायचा. घट्ट असंल तर खणकन् वाजतं. ढिलं असंल तर बद्द. डोळ्याला काय बी दिसत न्हाई. समदं कानानं कळतंय. उन्हाळ्यात येगळं वाजतंय, पावसाळ्यात येगळं. म्या नौकरी कानानं केली बगा.”

मी मानपत्र नव्याने लिहिले. ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द त्यात कुठेही आला नाही. हातोडीचा आवाज मात्र आला. समारंभात ते वाचले जात असताना त्यांच्याबरोबर काम केलेले दोन म्हातारे पुढच्या ओळीत माना डोलवत होते. मानपत्र तयार करणाऱ्या मला त्यांनी जे दिले, ते मानपत्राहून मोठे होते. आता विद्यार्थ्यांचे निबंध तपासतानादेखील मी वाक्यावर हातोडी मारून पाहतो. शब्द मोठे असले, तरी आतून बद्द आवाज येतो की नाही?

हे काही मोडनिंबला लागलेले नवे शोध नव्हेत. आपल्या वाङ्मयात जे अस्सल म्हणून टिकले आहे, त्यातले पुष्कळसे असे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून झालेले आहे. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा मान, ते लीळाचरित्र पाहा. चक्रधरस्वामींच्या मागे म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून आणि ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्या त्या माणसांकडून आठवणी मिळवल्या आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या लिहून काढल्या. म्हाइंभट स्वतः मोठे विद्वान. पण त्यांनी विद्वत्ता बाजूला ठेवली आणि साध्यासुध्या माणसांच्या बोलण्याला लेखणी लावली. एकच प्रसंग दोघांनी दोन प्रकारे सांगितला असेल, तर त्या वेगळेपणाचीही नोंद त्या परंपरेने जपली. त्यामुळे आजही ते वाचताना कोणी तरी आपल्याशी ओसरीवर बसून बोलते आहे असे वाटते.

त्रिंबक नारायण आत्र्यांचे ‘गावगाडा’ घ्या. 1915 साली ते प्रसिद्ध झाले. आत्रे महसूल खात्यातले अधिकारी. त्यांच्यापुढे येणारी माणसे वाङ्मयाच्या गप्पा मारायला येत नव्हती. सारा, वतन, बलुते आणि भांडणे घेऊन येत होती. सरकारदरबारी कागदावर त्यांतले चार शब्द उतरले असतील. पण खेड्याची वीण उलगडून दाखवणारे आणि कुणबी, बलुतेदार, फिरस्ते यांच्या बोलीतल्या शब्दांनी भरलेले असे पुस्तक, कचेरीत आलेल्या माणसाला नुसता ‘अर्जदार’ समजणाऱ्याच्या हातून झालेच नसते. आणि बहिणाबाई चौधरी? त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरातल्या माणसांनी, त्यांच्या मुलाने सोपानदेवांनी आणि एका आप्ताने, त्यांची गाणी वेळोवेळी उतरून घेतली म्हणून 1952 साली ती महाराष्ट्राच्या हाती आली. तो कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूस त्या क्षणी नसता, तर आपले केवढे नुकसान झाले असते!

येथवर मी गोड गोड सांगितले. पण ऐकण्यावर याहून मोठी गोष्टही अवलंबून असू शकते. ती मला आमच्या पेठेतल्या एका वृद्ध दस्तलेखकांनी दाखवली. गाव त्यांना ‘भाऊसाहेब’ म्हणते. त्यांच्याकडे मी कधी कधी जुने शब्द विचारायला जाऊन बसतो. पुढे जे सांगतो आहे त्यातल्या माणसांची ओळख पटू नये इतपत खाणाखुणा मी बदलल्या आहेत. गोष्ट बदललेली नाही.

दोन भाऊ आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आले. बहीण साठीच्या पलीकडची. वडील वारलेले, चार एकर जमीन आणि एक विहीर. बहिणीचे हक्कसोडपत्र करायचे होते. आमच्या भागात ही रोजचीच गोष्ट. महाराष्ट्राने 1994 साली कायदा दुरुस्त करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, 2005 साली तो देशभर झाला, 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या उरल्यासुरल्या शंकाही दूर केल्या. कायदा असा पुढे पुढे चालला आहे, आणि बहिणी चोळी-बांगडीवर सही करून माघारी चालल्या आहेत. का, तर माहेर तुटू नये म्हणून.

“लिव्हा भाऊसाहेब,” थोरला भाऊ म्हणाला. “आक्काची कायबी हरकत न्हाई. राजीखुशीनं देती.”

दस्तात हे शब्द असतातच: राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय. छापील नमुन्यात ते आधीच बसवलेले असतात. भाऊसाहेबांनी चष्मा काढला. “सातबाऱ्याची एक प्रत कमी आहे, घेऊन या दोघं जण,” असे म्हणून त्यांनी भावांना बाहेर धाडले आणि बाईंसाठी चहा मागवला. मग विचारपूस सुरू झाली. आक्का, सासर कुठलं? मुलं किती? गुडघे दुखतात का? जमिनीचे त्यांनी नावही काढले नाही. मी कोपऱ्यात बसून हे ऐकत होतो.

दुसऱ्या बशीला बाई आपणहून बोलू लागल्या. “भात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्साची व्हते, भाऊसाहेब. खडी फोडाय जायची आईसंगं. हाताला ह्ये घट्टं पडलं व्हतं. त्या मजुरीतलं चार पैसं दादांनी बाजूला ठिवलं, आन् फुडं त्यातनंच हिरीचं काम काढलं. पाणी लागलं तवा दादा म्हनलं, पैली घागर पोरगी भरंल. ह्ये धाकलं तवा पाळण्यात व्हतं, त्येला काय ठावं?” मग थोड्या वेळाने, खाली बघत, “जिमीन काय उरावर न्यायचीय व्हय? सही करते की. पर सही झाली की भाऊबीजंला बोलावणं यील का न्हाई, एवढंच मनात येतंय.”

भाऊ परत आले. भाऊसाहेबांनी कागद नीट घडी करून त्यांच्या हाती दिला. “आज मला लिहिता येणार नाही. ‘राजीखुशीने’ हा शब्द लिहिण्याइतकी माझी खात्री झालेली नाही. घरी बसून बोला. आक्कांनी स्वतः येऊन सांगितलं तर मी तुम्ही सांगाल ते लिहीन, आणि त्याचे पैसेही घेणार नाही.”

थोरला भाऊ संतापला. लिहिणाऱ्याने लिहावे, नसत्या चौकशा कशाला, असे तो बोलला. आणि त्याच्या बाजूने पाहिले तर ते अगदीच चूक नव्हते. दुसरीकडे दहा मिनिटांत दस्त तयार होऊन मिळाला असता. तो मिळवायला ते गेले नाहीत, याचे कारण धाकटा. पाळण्यातल्या त्या धाकट्याला विहिरीची ही हकीकत त्या दिवशी, घरी जाताना, पहिल्यांदा कळली. दीड महिन्याने तो एकटा आला. हक्कसोडपत्राऐवजी वाटणीपत्र करायचे ठरले होते. विहिरीलगतचे वीस गुंठे आणि पाण्याची पाळी बहिणीकडे. तिच्या कायदेशीर वाट्याहून हे पुष्कळ कमीच. पण ते तिने मागून घेतलेले होते. थोरला भाऊ सहीला आला, मात्र भाऊसाहेबांशी तो अजून बोलत नाही, आणि भाऊबीजेचे बोलावणे एकाच घरून जाते.

त्या वाटणीपत्रात एक वाक्य आहे. मिळकतीच्या वर्णनात, चतुःसीमेच्या आधी: सदर विहीर वडिलांनी खोदली असून तिच्या कामी थोरल्या मुलीच्या मजुरीची रक्कम खर्ची पडलेली आहे. मी विचारले, “भाऊसाहेब, कायद्याला या वाक्याची काही गरज?”

“कायद्याला नाही. बाईंना होती,” ते म्हणाले. “तसं पाहिलं तर मलाही होती. चाळीस वर्षं दस्त लिहितो आहे. त्यात माझं स्वतःचं असं एखाद-दुसरंच वाक्य असतं, आणि तेही मला गिऱ्हाइकानंच दिलेलं असतं.”

लेखकाच्या मोठेपणाविषयी मी वर्गात पुष्कळ बोललो आहे. त्या सगळ्यापेक्षा हे एक वाक्य मला अधिक खरे वाटते. प्रतिभा, शैली वगैरे गोष्टी असतीलही. परंतु लिहिणाऱ्याला स्वतःचे अनुभव असून असून किती असणार? एक घर, एक गाव, एक नोकरी. त्याच्या दारात माणसे येतात आणि आपले आयुष्य कामाच्या निमित्ताने त्याच्यापुढे थोडेसे उघडतात, हीच त्याची खरी पेरणी. फक्त ते उघडलेले आयुष्य त्याच्या मालकीचे होत नाही, एवढे त्याने विसरू नये. ज्याचे त्याने सांगितले, त्याच्या कामासाठी ते आधी वापरायचे. कथेत, लेखात घालायचे ते मागाहून, आणि खाणाखुणा पुसून. पुष्कळसे तर कधीच घालायचे नाही. भाऊसाहेबांच्या पोटात निम्म्या तालुक्याची घरे आहेत. पण गावात त्यांच्या तोंडून एकाही घराची गोष्ट कोणी ऐकलेली नाही. म्हणून तर लोक त्यांच्यापुढे बोलतात.

आता दिवस बदलले आहेत, हे मलाही दिसते. दस्तांचे तयार मसुदे संगणकात भरलेले असतात. नावे आणि गट क्रमांक घातले की काम झाले. मानपत्रे, मंगलाष्टकेसुद्धा मोबाइलला सांगितली तर तो चुटकीसरशी करून देतो, आणि वृत्त माझ्या काही विद्यार्थ्यांपेक्षा बरे सांभाळतो, हे कबूल केले पाहिजे. यात रडण्यासारखे काही नाही. घाईचे काम घाईने व्हावे. त्या यंत्राला जेवढे सांगाल तेवढे ते लिहिते; आणि माणसाची गोम अशी, की जे सांगायचे ते तो पहिल्या दमात सांगतच नाही. कोणी तरी गुडघ्यांची चौकशी करावी लागते. दुसरी बशी पुढे करावी लागते. दारापर्यंत पोचवायला जावे लागते.

दिवाळी झाली, तुळशीचे लग्न लागले, की आमच्याकडे लग्नसराई सुरू होते. यंदा आतापर्यंत तीन घरची मंगलाष्टके आली आहेत. दोन घरची माणसे येऊन बसून, बोलून गेली. तिसऱ्या घराने मोबाइलवर नुसती नावांची यादी पाठवली आहे, पदव्यांसकट, आणि खाली ‘सर, अर्जंट’ असे लिहिले आहे. मी त्यांना कळवले आहे, की यादी पोहोचली, काम होईल, फक्त मुलीच्या आईला, नाही तर आजीला, फराळाला म्हणून एकदा आमच्या घरी पाठवून द्या.